मतदारयादीत आपण आहोत का?

निवडणूक जवळ आली की आम्ही समितीची माणसे देवळात बसतो आणि गावातली आडनावे मोजून ‘आपली मते इतकी’ असा हिशेब मांडतो. निकालादिवशी तो हिशेब चुकतो. २००८ साली महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही आमदार निवडून आला नाही. २०१३ मध्ये बेळगाव दक्षिण आणि खानापूर या दोन जागा मिळाल्या. २०१८ आणि २०२३ मध्ये पुन्हा शून्य. असे का व्हावे?

२००८ च्या पुनर्रचनेत उचगाव व बागेवाडी हे मतदारसंघ गेले, बेळगाव ग्रामीण नवा झाला आणि शहराचे उत्तर-दक्षिण असे भाग पडले. मतदार तेच राहिले, पण त्यांच्या जोडीला मत देणारी गावे बदलली. शहर वाढले, बाहेरून माणसे आली. आपली शिकलेली मुले पुणे, मुंबई, गोव्याकडे गेली. राष्ट्रीय पक्षांनी मराठी उमेदवार उभे केले. आणि २०१८ साली आमच्यातच दोन गट पडून एकमेकांसमोर उमेदवार उभे राहिले, हा दोष आम्ही कोणावर ढकलणार?

तरीही मराठी मत संपलेले नाही. एप्रिल २०२१ च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या तरुण उमेदवाराला १ लाख १७ हजारांवर मते पडली. विजयी उमेदवाराचे मताधिक्य पाच हजारांच्या आसपास होते. त्याच वर्षी महापालिकेत मात्र भारतीय जनता पक्षाने ५८ पैकी ३५ जागा जिंकल्या. मते आहेत, ती वाटली गेली आहेत.

माणसे येतात-जातात, ते आपल्या हाती नाही. यादी मात्र हाती आहे. चंदगड, आजऱ्याकडून आलेल्या कितीतरी सुनांची नावे अजून माहेरच्या यादीत आहेत. ती नमुना ८ भरून इकडे आणता येतात. अठरा पूर्ण झालेल्यांसाठी नमुना ६ आहे, आणि आता वर्षातून चार अर्हता तारखा असतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. कायमचे पुण्याला राहणाऱ्या मुलाचे नाव मात्र पुण्यालाच हवे. दोन ठिकाणी नाव ठेवणे गुन्हा आहे.

मोर्चाला हजारो जमतात. त्यांतले यादीत किती, हे आधी प्रत्येकाने आपल्या घरात मोजावे.