पाण्याच्या अभ्यासाला स्मृतींचा हातभार

घरातले वडीलधारे माणूस गेले की आपण पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम करतो. भिक्खूंना दान देतो, नातेवाइकांना, शेजारपाजाऱ्यांना जेवू घालतो, भिंतीवरच्या फोटोला हार घालतो. हे सारे आपण प्रेमापोटी करतो. पण माणूस गेल्यावरही त्याचे नाव वर्षानुवर्षे कामाला येत राहावे, असे आणखी एक स्मारक असते. ते म्हणजे त्याच्या नावाने दिली जाणारी शिष्यवृत्ती.

आज अशाच काही शिष्यवृत्त्यांची ओळख करून घेऊ. त्या आहेत अमेरिकेतल्या आणि त्यांचा विषय आहे पिण्याच्या पाण्याची शुद्धता. पाण्यासाठी ज्या समाजाला सत्याग्रह करावा लागला, त्या समाजाच्या घराघरात हा विषय बोलला गेला पाहिजे.

बाबासाहेबांच्या वयाचा एक अभियंता

एबल वोल्मन यांचा जन्म १० जून १८९२ रोजी बाल्टिमोर शहरात झाला. पोलंडहून अमेरिकेत आलेल्या एका ज्यू कुटुंबातला हा मुलगा. वयाने बाबासाहेबांपेक्षा जेमतेम सव्वा वर्षाने लहान. १९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्या काळात वोल्मन बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकत होते. १९१५ साली त्यांनी अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि मेरीलँड राज्याच्या आरोग्य खात्यात ते कामाला लागले.

त्या काळी दूषित पाण्यामुळे विषमज्वराने माणसे मरत. पाण्यात क्लोरीन टाकले तर जंतू मरतात, हे कळले होते. १९०८ साली जर्सी सिटी शहराच्या पाण्यात ते नियमित टाकायला सुरुवातही झाली होती. अडचण होती ती मापाची. नदीचे पाणी रोज सारखे नसते. पावसाळ्यात त्यात गाळ येतो, पालापाचोळा येतो, घाण येते. ही घाणच क्लोरीन खाऊन टाकते आणि जंतू मारायला काही उरत नाही. बरे, जास्त टाकावे तर उग्र वास येतो आणि लोक ते पाणी तोंडाला लावत नाहीत.

वोल्मन यांनी लिन एन्स्लो या रसायनशास्त्रज्ञाला सोबत घेऊन यावर उपाय शोधला. पाणी स्वतः किती क्लोरीन खाते ते आधी तपासायचे आणि मग एवढेच टाकायचे की शेवटी थोडे शिल्लक उरेल. १९१९ साली त्यांनी ही रीत जगापुढे मांडली.

आपल्या गावातला जलसुरक्षक टीसीएल पावडर टाकल्यावर नळाच्या पाण्यात थेंब टाकून पिवळा रंग येतो का ते पाहतो. त्याला आपण ओटी टेस्ट म्हणतो. तो शोधत असतो ते हेच उरलेले क्लोरीन. भारतीय मानकानुसार क्लोरीन टाकलेल्या पाण्यात ते लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावे लागते.

नाव राहिले, काम चालू राहिले

१९८९ साली, वयाच्या ९६ व्या वर्षी वोल्मन गेले. बाल्टिमोरमध्ये महापालिकेच्या एका इमारतीला त्यांचे नाव दिले गेले. पण त्याहून मोठे स्मारक म्हणजे त्यांच्या नावाची फेलोशिप. १८८१ साली स्थापन झालेली अमेरिकन वॉटर वर्क्स असोसिएशन ही पाणीपुरवठ्यात काम करणाऱ्यांची संस्था. पाणीपुरवठा आणि जलशुद्धीकरण या विषयांत डॉक्टरेट करणाऱ्या विद्यार्थ्याला ती ही फेलोशिप देते.

याच संस्थेत आणखीही काही नावे अशीच जिवंत ठेवली आहेत. थर्स्टन लार्सन यांनी पाण्यामुळे नळ का गंजतात याचा अभ्यास केला. त्यांच्या नावाने पाण्याच्या रसायनशास्त्रात संशोधन करणाऱ्यांना मदत मिळते. थॉमस कॅम्प या अभियंत्याच्या नावाने पिण्याच्या पाण्यावर संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती आहे. हॉली कॉर्नेल यांच्या नावाची शिष्यवृत्ती तर खास स्त्रिया आणि अल्पसंख्य समाजातल्या विद्यार्थ्यांसाठी ठेवलेली आहे. जे लोक या क्षेत्रात मागे राहिले, त्यांना पुढे आणायचे तर ठरवून हात द्यावा लागतो, हे तिथेही मानले गेले.

शुद्ध पाणी कशाला म्हणायचे?

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर तळे बाटले म्हणून सनातन्यांनी त्याचे शुद्धीकरण केले. शेण, गोमूत्र, दूध, दही घालून १०८ घागरी तळ्यात रिकाम्या केल्या. पाण्याची शुद्धता मोजून ठरवण्याची रीत वोल्मन यांनी मांडली, त्याला तेव्हा आठ वर्षे झाली होती. कोणत्याही प्रयोगशाळेला विचारा, शेणाने पाण्यात जंतू वाढतात की कमी होतात! पाणी माणसाच्या जातीने बाटत नाही, ते घाणीने बाटते. आणि ती घाण काचेच्या नळीत दाखवता येते.

ही गोष्ट आजही आपल्या कामाची आहे. आपल्या कितीतरी वस्त्या गावाच्या कडेला, म्हणजे नळाच्या शेवटच्या टोकाला आहेत. टाकीत टाकलेले क्लोरीन लांबच्या नळातून येता येता कमी होत जाते. मधे कुठे गळती असली, शेजारून गटार वाहत असले, तर घाण आत शिरते. टाकीजवळ तपासलेले पाणी चांगले निघाले म्हणून वस्तीतले पाणी चांगले, असे होत नाही. म्हणून पाणी शेवटच्या नळावर तपासायचे असते. हे ठणकावून सांगणारा, अहवाल हातात धरून ग्रामसभेत उभा राहणारा मुलगा किंवा मुलगी आपल्या घरातली का नसावी?

चंद्रपूर, यवतमाळ भागात काही विहिरींच्या, बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. त्याने मुलांच्या दातांवर डाग पडतात, पुढे हाडेही वाकतात. अकोला, बुलढाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात पाणी खारट आहे. फ्लोराइड किंवा क्षार पाणी उकळून जात नाहीत, हे मायभगिनींनी लक्षात ठेवावे. अशा प्रश्नांना शिकलेली माणसे लागतात.

आपल्या मुलांसाठी वाट

दहावीनंतर स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका करता येते. बारावी विज्ञान झाल्यावर रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्र घेऊन बी.एस्सी. करता येते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा, महाराष्ट्र जीवन प्राधिकरण, महापालिकांची जलशुद्धीकरण केंद्रे, प्रदूषण नियंत्रण मंडळ, ही सारी या शिक्षणाला जागा असलेली ठिकाणे आहेत. संशोधनासाठी आपल्या नागपुरातच १९५८ साली सुरू झालेली नीरी ही राष्ट्रीय संस्था आहे.

पैशाअभावी शिक्षण अडू नये म्हणून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. ती १९४४ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना सुरू झाली. त्याच मंत्रिमंडळात असताना त्यांनी नद्यांच्या पाण्याच्या नियोजनाचेही काम केले. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या मुलांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पीएच.डी. करणाऱ्यांना पुण्याच्या बार्टी संस्थेची बाबासाहेबांच्या नावाची फेलोशिप आहे. परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. प्रत्येक योजनेचे नियम आणि मुदत समाजकल्याण कार्यालयात आधी विचारून घ्यावी. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढून ठेवावा. कागद अपुरे म्हणून मुलाचे वर्ष वाया जाऊ देऊ नये.

विहारातून सुरुवात

सरकारी शिष्यवृत्ती मिळेपर्यंत प्रवेशाची फी, पुस्तके, एस.टी.चा पास कुणी भरायचा? इथे आपली स्मृती शिष्यवृत्ती उपयोगी पडेल. वस्तीतल्या वीस घरांनी पाच-पाच हजार रुपये काढले तर एक लाख रुपये होतात. ते मुदत ठेवीत ठेवावे, मुद्दलाला हात लावू नये. व्याज साडेसहा टक्के धरले तर वर्षाला साडेसहा हजार रुपये हाती येतात. त्यात एका मुलीची वर्षाची पुस्तके आणि परीक्षा फी भागायला मोठी मदत होईल. दरवर्षी थोडी भर घालत राहिले म्हणजे महागाईने ठेवीची किंमत घटणार नाही.

हे काम तोंडी नको. मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले असावे, खाते दोघा-तिघांच्या सह्यांचे असावे. कुणाला, का आणि किती दिले, ते दर वर्षी विहारात सर्वांसमोर वाचून दाखवावे. पैसे देणाऱ्याच्या घरचेच मूल निवडले जाऊ नये. विषय पाण्याचा ठेवा आणि नाव आपल्या माणसाचे द्या. ज्या आजीने आयुष्यभर दुसऱ्याने वरून ओतलेले पाणी ओंजळीत घेतले, तिच्या नावाने शिकलेली पोर उद्या साऱ्या गावाचे पाणी तपासून सांगेल, की आज हे पाणी पिण्यास योग्य आहे.

महाडच्या सत्याग्रहाची शंभर वर्षे २०२७ साली पूर्ण होतात. त्या निमित्ताने प्रत्येक विहारातून असे एक मूल प्रयोगशाळेपर्यंत पोहोचवण्याचा निश्चय करू या.

जय भीम!