गवत्याचा हिरवा घास
भीमेकाठच्या वडगाव रासाईपासून समुद्र दूर. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर अबालोन ही मोठी समुद्री गोगलगाय शेवाळ खाऊ घालून पाळतात. इथल्या शेततळ्यात तसाच हिरव्या चाऱ्यावर वाढणारा म्हणजे गवत्या मासा. तो १९५९ साली भारतात आणला गेला. हायड्रिला, अझोला, लसूणघास, त्याला सगळे चालते. अगदी लहान पिल्लांना मात्र आधी सूक्ष्म प्राणीच लागतात. आतडे आखूड, त्यामुळे बरेचसे गवत अर्धवट पचून बाहेर पडते. त्याचे पाण्यात खत होते, प्लवंग वाढतात आणि रोहू-कटल्याचे पोट भरते. म्हणूनच नुसता गवत्या सोडणे मला तोट्याचे वाटते.

अंडी भरायची तर निव्वळ गवत पुरत नाही, प्रथिने हवीत. जनक माशांना भुईमुगाची पेंड जोडीला देतात. अबालोनचेही तेच. त्याच्या खाद्यासाठी त्याच्याच टाक्यांच्या सांडपाण्यात वाढवलेले उल्वा शेवाळ नत्रामुळे जास्त प्रथिनयुक्त होते.

इतके खाऊनही गवत्या तळ्यात वीत नाही. त्याला वाहती नदी लागते, नाहीतर संप्रेरकाचे इंजेक्शन. हिरालाल चौधुरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुलला भारतीय कार्प माशांवर हे तंत्र यशस्वी केले. तळ्यात वीण होत नसल्यामुळे शेतकऱ्याला बोटुकली बीजकेंद्रातूनच आणावी लागते.