जुनी विजेची मोटार घेताना बॅटरी मापून घ्या

वसई-विरार पट्ट्यातील व्यापारी आणि कारखानदार बंधूंमध्ये गेल्या दोन-तीन वर्षांपासून एक नवी चौकशी सुरू झाली आहे. वालीव, सातिवली, गोखिवरे, पेल्हार या भागांत ज्यांचे लहान-मोठे कारखाने आहेत, ज्यांना भिवंडीहून कापड आणावे लागते आणि तयार माल मुंबईच्या मंगळदास मार्केटपर्यंत पोहोचवावा लागतो, ते विचारतात की जुनी विजेची मोटार घ्यावी काय? प्रश्न रास्त आहे. नवी गाडी आवाक्याबाहेर असते आणि तीन-चार वर्षे वापरलेली विजेची गाडी तेवढ्याच वयाच्या पेट्रोल गाडीच्या मानाने बऱ्याच उतरलेल्या भावात मिळते. भाव एवढा का उतरतो, हे मात्र फार थोडे लोक विचारतात. त्याचे मुख्य कारण एकच आहे, ते म्हणजे बॅटरीची घट.

आम्ही कापडाचे व्यापारी आहोत, मोटारीचे इंजिनियर नव्हे. परंतु माप आणि घट हा आमचा रोजचाच विषय आहे. कोरे कापड पहिल्या धुण्यात आटते, दुसऱ्या धुण्यात थोडे कमी आटते आणि पुढे ते जवळपास स्थिर होते. ताक्यावर शंभर मीटर लिहिले म्हणून धुतल्यावरही शंभरच मीटर भरतील असे कोणताही कापडवाला धरून चालत नाही. लिथियम बॅटरीचे वागणेही बरेचसे असेच आहे. पहिल्या एक-दोन वर्षांत तिची क्षमता जरा वेगाने खाली येते, नंतर हळूहळू कमी होत राहते. फरक इतकाच की आटलेले कापड डोळ्यांना दिसते आणि आटलेली बॅटरी दिसत नाही. गाडी तशीच चकचकीत असते, काटा तसाच शंभर टक्के दाखवतो. हे शंभर टक्के म्हणजे आज उरलेल्या क्षमतेचे शंभर टक्के, नवीन असतानाच्या क्षमतेचे नव्हेत, हे पक्के ध्यानात ठेवावे.

बॅटरीचे माप आपल्या वीजबिलातल्या युनिटमध्येच होते. टाटा कंपनीची नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली तेव्हा तिच्या बॅटरीचे माप ३०.२ युनिट होते. आज जुन्या बाजारात ज्या विजेच्या गाड्या दिसतात, त्यांत ही गाडी पुष्कळ आहे, म्हणून तिचेच उदाहरण घेऊ. सरकारी चाचणीत तिची मजल ३१२ किलोमीटर नोंदली गेली होती. प्रत्यक्ष रस्त्यावर, एसी चालू ठेवून, ती दोनशेच्या आसपास समजावी.

वर्षाला किती घट?

कॅनडाच्या जिओटॅब कंपनीने २०२० मध्ये सहा हजारांहून अधिक विजेच्या गाड्यांची माहिती तपासली, तेव्हा वर्षाला सरासरी २.३ टक्के घट दिसली. २०२४ मध्ये नव्या गाड्या धरून पाहिले तर ती १.८ टक्के निघाली. म्हणजे नीट वापरलेली गाडी पाच वर्षांनंतरही नव्वद टक्क्यांच्या आसपास राहू शकते. हे आकडे दिलासा देणारे आहेत. पण सरासरी म्हणजे तुमच्या दारात आलेली गाडी नव्हे. सरासरीच्या खाली गेलेल्या गाड्याच विकायला आधी निघतात, हे जुन्या मालाच्या बाजारात बसलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

घट वाढवणाऱ्या गोष्टी तीन-चार आहेत. पहिली उष्णता. दुसरी, गाडी रोज शंभर टक्के भरून तशीच उभी ठेवणे किंवा अगदी तळाशी रिकामी होईपर्यंत चालवणे. तिसरी, दररोज जलद चार्जरवरच भरणे. चौथी, नुसते वय. कारण गाडी न चालवताही बॅटरी म्हातारी होतेच.

उष्णतेचा जगप्रसिद्ध किस्सा अमेरिकेतील ॲरिझोना राज्याचा आहे. निसान कंपनीची लीफ ही मोटार तेथे विकली गेली. तिच्या बॅटरीला थंड ठेवायला पाण्याची व्यवस्था नव्हती, ती हवेवरच थंड व्हायची. २०१२ च्या सुमारास फिनिक्स शहरातील गिऱ्हाइकांच्या लक्षात आले की एक-दोन वर्षांतच डॅशबोर्डवरील क्षमतेच्या बारा पट्ट्यांपैकी काही पट्ट्या विझल्या आहेत. प्रकरण कोर्टात गेले. शेवटी कंपनीने क्षमतेची हमी जाहीर केली : पाच वर्षे किंवा साठ हजार मैलांच्या आत नऊपेक्षा कमी पट्ट्या उरल्या तर बॅटरी दुरुस्त करून किंवा बदलून देऊ. क्षमतेच्या घटीलाही हमी असली पाहिजे, ही गोष्ट गिऱ्हाइकांनी अशी भांडून मिळवली.

आमची वसई समुद्रकाठची. येथे हवा दमट असली तरी विदर्भासारखे पंचेचाळीस अंशांचे ऊन पडत नाही, आणि नेक्सॉनसारख्या गाडीत बॅटरीला थंड करणाऱ्या पाण्याचा फेरा असतो. त्यामुळे येथेच वापरलेली गाडी त्या मानाने बरी. परंतु जुन्या बाजारात गाड्या दिल्ली, हैदराबाद, नागपूर अशा सगळीकडून येतात. आरसी बुकात पहिली नोंदणी कोठली आहे ते पाहावे. नंबरप्लेटही पाहावी. विजेच्या खासगी गाडीच्या हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरे असतात, टॅक्सीच्या हिरव्या पाटीवर पिवळी. टॅक्सीच्या ताफ्यातली गाडी रोज दोन-दोन वेळा जलद चार्जरवर भरली गेलेली असते. ती स्वस्त मिळाली तर तिचा स्वस्तपणा कोठून आला ते समजून घ्यावे.

भिवंडीचा फेरा, मंगळदासचा फेरा

आता धंद्याचा हिशेब मांडू. वसईहून मंगळदास मार्केटला जाऊन परत येणे म्हणजे सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. कामण-चिंचोटी मार्गाने भिवंडीला जाऊन-येऊन साठ-सत्तर. गाडी नवी असताना दोनशेची मजल होती, म्हणजे दोन्ही फेरे एका दिवसात ओढूनताणून का होईना, बसत होते. बॅटरी ८० टक्क्यांवर आली की मजल १६०. मंगळदासचा फेरा तरीही होईल, भिवंडीचा त्याच दिवशी होणार नाही. बॅटरी ७० टक्क्यांवर गेली तर १४०, आणि त्यातही शेवटचे दहा-पंधरा टक्के कोणी शहाणा माणूस वापरत नाही. मग वर्सोवा पुलाच्या कोंडीत एसी चालू ठेवून उभे राहिलात तर घोडबंदरच्या पुढे काट्याकडे बघत बसावे लागेल. वाटेत चार्ज करायला थांबला तर पाऊण तास, कधी अधिक. सणाच्या हंगामात दुकानदार माल दुपारपर्यंत मागतो, तेव्हा हा पाऊण तास नफ्यातूनच जातो.

उलट ज्याचा फेरा वालीव ते नालासोपारा आणि वसई स्टेशन एवढाच, दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटर, त्याला ७५ टक्क्यांची बॅटरीही वर्षानुवर्षे पुरेल. त्याने अशी गाडी घट पाडून घ्यावी आणि खुशीने घ्यावी. एकच गाडी एकासाठी तोट्याची आणि दुसऱ्यासाठी फायद्याची ठरते ती अशी. म्हणून आधी आपला रोजचा जास्तीत जास्त फेरा कागदावर लिहावा आणि मग गाडी बघायला जावे.

माप कसे घ्यावे?

डॅशबोर्डवर जे किलोमीटर दाखवले जातात त्यावर विसंबू नये. तो आकडा मागच्या काही दिवसांच्या चालवण्यावरून काढलेला अंदाज असतो. विकणाऱ्याने दोन दिवस एसी बंद ठेवून हळू चालवली की आकडा फुगतो. किलोमीटर बाजूला ठेवून युनिट मोजावेत.

रीत सोपी आहे. गाडी २० टक्क्यांपर्यंत उतरवावी. पंधरा अँपिअरच्या प्लगला इलेक्ट्रिशियनकडून सब-मीटर लावून घ्यावा आणि घरच्या चार्जरने रात्रभर १०० टक्के भरावी. किती युनिट खर्च झाले ते लिहावे. भिंतीतून निघालेल्या विजेपैकी दहा-पंधरा टक्के वाटेत उष्णतेत जाते, तेवढी वजा करावी. समजा मीटरने २२ युनिट दाखवले. बारा टक्के वजा जाता सुमारे १९.४ युनिट बॅटरीत पोहोचले. हे ८० टक्के भरण्याचे माप झाले, म्हणून पूर्ण क्षमता सुमारे २४.२ युनिट. मूळच्या ३०.२ शी ताडून पाहिले तर ८० टक्के. मूळ मापातील थोडा भाग गाडी राखून ठेवते, म्हणून चार-पाच टक्क्यांचा फरक माफ करावा. पण असाच हिशेब ६५ टक्के सांगू लागला तर बयाणा देऊ नये.

विकणारा एक रात्र गाडी देणार नाही म्हणतो काय? मग त्यालाच कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये घेऊन चला आणि बॅटरीच्या आरोग्याचा अहवाल लेखी मागा. पाच-सात लाखांचा सौदा करणाऱ्याने एवढा आग्रह धरण्यात संकोच कसला?

आणखी एक खूण. बॅटरी म्हणजे शेकडो लहान-मोठ्या सेलची माळ. सगळे सेल सारखे उतरले असतील तर ते साधे वय समजावे. परंतु त्यांतला एखादाच कमजोर असेल तर सगळी माळ त्याच्याच मापाने चालते. अशी गाडी ३० टक्क्यांवरून अचानक १५ वर पडते किंवा चढणीवर एकाएकी जोर सोडते. म्हणून चाचणी फक्त भरलेल्या गाडीवर घेऊन परतू नये. तिला २० टक्क्यांपर्यंत चालवून पाहावे. लोह-फॉस्फेट जातीच्या बॅटरीत काट्याचा अंदाज मुळातच जरा चुकतो आणि अधूनमधून पूर्ण भरल्याने तो ताळ्यावर येतो, हेही माहीत असावे. नाहीतर चांगल्या गाडीलाही ऐब लागायचा.

गाडी रॅम्पवर चढवून खालून अवश्य पाहावी. बॅटरी तळाशीच असते. खरचटे, पोचा, गंज, चिखलाची रेघ दिसली तर विचारावे. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपारा कित्येक दिवस पाण्यात होते, हे कोणी विसरलेले नाही. पाण्यात उभी राहिलेली गाडी बाहेरून धुऊन साफ करता येते, पण पाण्याने बिघाड झाला असेल तर कंपनी हमी नाकारू शकते.

हमी कोणाच्या नावावर?

सगळ्यांत महत्त्वाची बाब हीच. नेक्सॉनच्या बॅटरीला आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी संपेल तोपर्यंत हमी होती. म्हणजे २०२० सालच्या गाडीची हमी २०२८ मध्ये संपते. सहा वर्षांची गाडी घेणाऱ्याने उरलेली दोनच वर्षे मोजावीत आणि भाव त्या हिशेबाने बोलावा. हमी नव्या मालकाच्या नावे चढते की नाही, क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर ती लागू होते, नियमित सर्व्हिसची अट काय, हे पुस्तिकेत वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. २०२५ मध्ये काही कंपन्यांनी बॅटरीला 'आजीवन' हमी जाहीर केली, तेव्हा पुष्कळांनी समजूत करून घेतली की गाडी कितव्याही हाती गेली तरी हमी टिकेल. तसे नाही. ती हमी पहिल्या मालकापुरती आहे. गाडी दुसऱ्याच्या नावावर गेली की मुदत आखडते.

एक नवा प्रकारही ध्यानात असू द्यावा. सप्टेंबर २०२४ पासून एमजी कंपनीने विंडसर ही गाडी बॅटरीशिवायच्या किमतीत विकायला काढली, बॅटरीचे भाडे किलोमीटरमागे वेगळे. अशी गाडी जुनी घेताना गाडीचा करार निराळा आणि बॅटरीचा निराळा, दोन्ही ठिकाणची थकबाकी तपासावी लागते.

हमी संपल्यावर बॅटरी बदलायची झाली तर? २०२४ मध्ये जगभरात बॅटरीचा सरासरी भाव एका युनिटच्या क्षमतेमागे ११५ डॉलर होता. त्या दराने ३० युनिटची बॅटरी कारखान्याच्या दारातच तीन लाखांच्या जवळ जाते. दुकानात, मजुरीसह, त्याहून बरीच अधिक. जुन्या गाडीच्या निम्म्या किमतीचा खर्च एकदम समोर उभा राहिला तर लहान कारखानदाराचे भांडवलच मोडते. बॅटरी गल्लीतल्या कारागिराकडून उघडून घेण्याच्या भानगडीत मात्र पडू नये. आत तीनशे व्होल्टच्या वर दाब असतो, त्याचा धक्का जिवावर बेततो. जुनी बॅटरी भंगारातही घालू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.

आगीविषयीही लोक विचारतात, कारण २२ जून २०२२ रोजी नेक्सॉन ईव्हीला आग लागल्याची घटना आमच्या वसई पश्चिमेतच घडली आणि केंद्र सरकारने तिची स्वतंत्र चौकशी लावली. भीती समजण्यासारखी आहे. पण ती गाडी जवळपास नवीच होती. आग आणि क्षमतेची घट हे दोन वेगळे प्रश्न आहेत, त्यांची गल्लत करू नये. आग विरळा, घट मात्र प्रत्येक बॅटरीत ठरलेलीच.

शेवटी कराचे. डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने नोंदणीकृत विक्रेत्याने विकलेल्या जुन्या गाड्यांवर, विजेच्या गाड्याही धरून, १८ टक्के दर ठरवला. हा कर पूर्ण किमतीवर नसून फक्त नफ्याच्या फरकावर आहे. एजंट पूर्ण किमतीवर १८ टक्के सांगत असेल तर त्याला बिल दाखवायला सांगावे. एका घरगुती मालकाने दुसऱ्याला विकली तर हा कर लागत नाही. आपल्या पेढीच्या नावावर गाडी असेल आणि तिच्यावर घसारा घेतलेला असेल, तर पुढे विकताना घसारा वजा जाता उरलेल्या किमतीपेक्षा जेवढे अधिक मिळेल तेवढ्यावरच कर. कमी मिळाले तर काही नाही. गाडी पेढीच्या नावे घ्यावी की स्वतःच्या, हे आपल्या हिशेबनिसाला बयाण्याआधी विचारावे.