चढाई कुठे फसली? वादाआधी हे तपासा

कबड्डीत संघ हरला की पिंपळगाव राजा गावाच्या पारावर काय अन् पुण्या-मुंबईत काय, पहिलं बोट चढाईपटूकडेच जातं. दोष देण्याआधी गुणतक्ता नीट वाचायला हवा.

• रिकामी चढाई : चढाई ३० सेकंदांची. निदान रेषा ओलांडून गडी हात हलवत परतला, तर गुण कुणालाच नाही. प्रो कबड्डीत सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो. नाहीतर चढाईपटू बाद.

• बोनस : समोर किमान सहा गडी हवेत. एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकताना मागचा पाय हवेतच हवा. गुण मिळतो, पण बाद झालेला साथीदार परत येत नाही. नुसत्या बोनसवर संघ भरत नाही.

• बाकावरचा वेळ : मुख्य चढाईपटू बाद होऊन बसला, तर त्याला आत आणण्यासाठी साथीदारांनीच गडी टिपायचा किंवा पकड करायची. म्हणून चढाईचं अपयश बरेचदा बचावाचंही असतं.

• लोण : सातही गडी बाद झाले की प्रतिस्पर्ध्याला दोन जादा गुण.

• थोडक्यात हुकलेलं : २०२२ मध्ये प्रो कबड्डीच्या मुंबईतल्या अंतिम सामन्यात पुणेरी पलटण जयपूरकडून २९-३३ अशी हरली. २०२४ मध्ये याच पलटणने हरियाणाला २८-२५ असं नमवून विजेतेपद पटकावलं. दोन्ही निकालांतलं अंतर जास्तीत जास्त चार गुणांचं. एवढ्या फरकाचं खापर एकाच चढाईपटूवर फोडणं अन्यायाचं आहे.