संगणकाला झोपेतून कोण उठवतो?

अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे मोठे क्षेत्र. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले ते येथेच. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ ‘सकळ’ नावाच्या सांकेतिक लिपीत उतरवून ठेवले. या लिपीची किल्ली ठाऊक नसेल, तर अक्षरे डोळ्यांपुढे असूनही अर्थ लागत नाही. शाळेतला जुना संगणक झोपेतून उठत नाही, तेव्हा बहुधा त्याचीही हीच गत झालेली असते!

कशी ते पाहू. संगणक ‘स्लीप’मध्ये गेला, की पडदा, डिस्क, प्रोसेसर विसावतात. स्मृतीला मात्र थोडी वीज मिळत राहते. स्मृतीतील नोंदी म्हणजे अतिसूक्ष्म विद्युतभार. ते सतत गळतात, म्हणून साधारण दर 64 मिलिसेकंदांनी पुन्हा भरावे लागतात. अशा वेळी वीज गेली आणि बॅटरी नसली, तर न साठवलेले काम गेलेच! ‘हायबरनेट’मध्ये मात्र नोंदी आधी डिस्कवर उतरतात, म्हणून त्या टिकतात.

कोणी झोपावे आणि कोणी कोणाला उठवावे, याचे नियम इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी 1996 साली प्रसिद्ध केले. त्यांना ‘एसीपीआय’ म्हणतात. पण संगणकाच्या प्रत्येक भागाला आज्ञा देण्याची रीत निराळी असते. विंडोजला ती उलगडून देणारी किल्ली म्हणजे ‘ड्रायव्हर’. जुन्या संगणकावर नवी विंडोज घातली, की कधी कधी ही किल्ली जुळत नाही. मग पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो.

उपाय सांगतो. आधी महत्त्वाच्या कामाची दुसरी प्रत काढून ठेवा.

1. ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. जेथे पिवळ्या त्रिकोणात उद्गारचिन्ह दिसेल, तेथे दोष आहे.

2. संगणकाचा मॉडेल क्रमांक पाहून उत्पादकाच्याच संकेतस्थळावरून ड्रायव्हर घ्या. आधी चिपसेटचा, मग ग्राफिक्सचा.

3. नवा ड्रायव्हर घातल्यावरच बिघाड सुरू झाला असेल, तर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ने जुना परत आणा.

4. संगणक आपोआप जागा होत असेल, तर माउस व नेटवर्क कार्ड यांच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ पानावरील जागे करण्याची परवानगी काढून पाहा.

एका वेळी एकच बदल करा आणि तो वहीत नोंदवा. चार बदल एकदम केले, तर गुण कशाने आला हे कसे कळणार?

आता शिक्षकांच्या परवानगीने एक प्रयोग करा. ‘कमांड प्रॉम्प्ट’मध्ये ‘पॉवरसीएफजी’ हा शब्द रोमन अक्षरांत टंका. नंतर एक जागा सोडून तिरपी रेघ व ‘ए’ हे अक्षर द्या. झोपेचे कोणते प्रकार उपलब्ध आहेत आणि कोणते का नाहीत, याची यादी येईल. ‘स्लीप’ नाही आणि कारण ‘ग्राफिक्स’ असे दिसले, तर कोणती किल्ली हरवली आहे? तुम्हीच सांगा!