नाट्यगृहाचा आवाज (भाग ६) : तार कुठून जाणार?

नाट्यगृहाचं नूतनीकरण निघालं की स्पीकर कुठल्या कंपनीचे घ्यायचे यावर बैठकांवर बैठका झडतात. केबलचा विषय मात्र ‘ते इलेक्ट्रिशियन बघेल’ एवढ्यावर मिटतो. स्पीकर काही वर्षांनी बदलता येतात. प्लास्टरखाली गेलेल्या पाइपचा मार्ग बदलायचा म्हणजे पुन्हा भिंत फोडणं आलं. गेल्या आठवड्यात माइकचा आवाज स्टेज बॉक्समध्ये आकडे होऊन बाहेर पडतो, इथवर आपण आलो होतो. आज तो कन्सोलपर्यंत पोचवायचा आहे.

समोर नकाशा घेऊ तो नऊशे आसनांच्या एका नाट्यगृहाचा. विंगेत स्टेज बॉक्स, प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेमागे कन्सोल, विंगेला लागून असलेल्या खोलीत अॅम्प्लिफायरचं रॅक. तिघांना जोडणारी यंत्रणा डान्टे. सिडनीच्या ऑडिनेट कंपनीची ही निर्मिती, कंपनी २००६ सालची. इथरनेटवरून आवाज नेण्याचे प्रयत्न त्याआधीही झाले होते. अमेरिकेतलं कोब्रानेट १९९६ च्या सुमाराचं. पण आज बऱ्याच कन्सोलमध्ये डान्टे एक तर मुळात असतं किंवा कार्ड घालून बसवता येतं, म्हणून उदाहरण त्याचंच.

आधी एक भीती काढून टाकू. ‘एवढे माइक एका बारक्या तारेत मावतील का?’ हा प्रश्न हमखास येतो. हिशेब सोपा आहे. सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक नमुना २४ बिटांचा, म्हणजे एका माइकचे सेकंदाला ११ लाख ५२ हजार बिट. पॅकेटचं वेष्टण धरून दीड मेगाबिट म्हणा. ३२ माइकचे पन्नासेक मेगाबिट झाले आणि गिगाबिट तारेची क्षमता आहे १,००० मेगाबिट. जागा उरून पुरते.

घोडं अडतं ते वेळेपाशी. ईमेल अर्ध्या सेकंदाने उशिरा पोचली तर कुणाला पत्ता लागत नाही. इथे दोन नमुन्यांमधलं अंतर २०.८ मायक्रोसेकंद आहे आणि सगळी यंत्रं त्याच ठेक्यात चालावी लागतात. त्यासाठी जाळ्यातलं एक यंत्र घड्याळ म्हणून निवडलं जातं आणि बाकीची त्याच्याशी सतत जुळवून घेत राहतात. दिंडीत पखवाजाकडे कान ठेवून टाळ पडतात तसं. आवाजाच्या पॅकेटांसाठी घेणारं यंत्र ठरावीक वेळ थांबतं. डान्टेत ही मुदत सहसा १ मिलिसेकंद ठेवलेली असते. तेवढ्यात हवेतून आवाज जेमतेम ३४ सेंटिमीटर जातो, तेव्हा नटाला किंवा गायकाला ती जाणवण्याचं कारण नाही. पण मुदत टळल्यावर आलेलं पॅकेट वापरलंच जात नाही, आणि प्रेक्षागृहात ‘टक्’ असा आवाज येतो. तारेचं आणि जाळ्याचं सगळं नियोजन या एका ‘टक्’साठी असतं.

आता नकाशा बाजूला ठेवून मोजायची टेप घ्यायची. तांब्याच्या तारेवर इथरनेटची मर्यादा १०० मीटर : ९० मीटर भिंतीतली पक्की तार आणि दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्डचे मिळून १०. स्टेज बॉक्सपासून कन्सोल नकाशावर तीस मीटर दिसतो म्हणून निर्धास्त राहू नये. तार हवेतून जात नाही. विंगेच्या भिंतीने वर चढते, कॅटवॉकवरून पुढे सरकते, एसीच्या डक्टला वळसा घालते, बाल्कनीचा बीम आडवा येतो, तिथून खाली उतरते. तिसाचे सत्तर-ऐंशी सहज होतात. वर रॅकमध्ये दोन-तीन मीटर जादा गुंडाळी हवीच, कारण कधी ना कधी टोक कापून नवं बसवावं लागतं. आकडा नव्वदीच्या जवळ जाऊ लागला की ‘चालून जाईल’ म्हणू नये, सरळ फायबर टाकावं. गिगाबिटसाठी मल्टिमोड फायबर साधारण ५५० मीटरपर्यंत जातं आणि त्यातून वीज वाहत नसल्यामुळे अर्थिंगचा प्रश्नच उरत नाही. दौऱ्यावरच्या रीळवाल्या मऊ केबलला मात्र पूर्ण १०० मीटर धरू नये. तिची तार बारीक पदरांची असते, त्यामुळे सिग्नल लवकर क्षीण होतो.

पाइप टाकताना काटकोनी एल्बो नको, लांब वळणाचा बेंड वापरायला सांगा. केबलच्या जाडीच्या चौपट त्रिज्येपेक्षा घट्ट वळण दिलं की आतल्या जोड्यांचे पीळ विस्कटतात, आणि सगळी करामत त्या पिळांतच असते. दिव्यांच्या डिमरच्या तारांबरोबर एकाच ट्रेमधून समांतर जाऊ नये. ओलांडायची वेळ आली तर काटकोनात ओलांडावी. जुन्या मल्टिकोरवरच्या ‘हम्’ने पिडलेल्या मंडळींना दिलासा एवढा, की बिनशिल्डच्या इथरनेट केबलमधून स्टेजचं आणि कन्सोलचं अर्थिंग एकमेकांना भेटत नाही. दोन्ही टोकांच्या पोर्टमध्ये बारीक ट्रान्सफॉर्मर असतात. शिल्ड असलेली केबल टाकलीत आणि दोन्ही टोकांना शिल्ड जोडलं, तर हा दिलासा तुम्हीच घालवून बसता.

इथेच एक फसगत होते. बेरिंगरच्या एक्स-३२ सारख्या कन्सोलवरचं एईएस-५० हे पोर्ट दिसायला अगदी इथरनेटसारखं असतं, केबलही कॅट-५ई लागते. पण ते या यंत्रापासून त्या यंत्रापर्यंत थेट जाणारं जोडणीचं तंत्र आहे. मध्ये स्विच घातला की सगळं ठप्प. शिवाय त्याला केबल शिल्डचीच लागते. तेव्हा भिंतीतली एखादी तार उद्या एईएस-५० साठी लागण्याची शक्यता असेल, तर ती वेगळी टाका आणि तिच्यावर तसं लिहून ठेवा.

केबल खरेदीकडे संस्थाचालकांनी स्वतः लक्ष घालावं असं माझं मत आहे. बाजारात ३०५ मीटरच्या खोक्यात ‘कॅट-६’ असं ठसठशीत छापलेली, निम्म्या भावाची केबल मिळते. ती पुष्कळदा अॅल्युमिनियमची असते, वरून नुसता तांब्याचा मुलामा. खोका उचलताच हलका लागतो. खात्री हवी असेल तर एक तार सोलून ब्लेडने खरवडा. तांबूस रंग जाऊन पांढरट धातू दिसला की खोका परत पाठवा. ही तार दोन-चार वेळा वाकवली की तुटते, तिचा रोधही जास्त असतो, आणि इथरनेटच्या कुठल्याच मानकात ती बसत नाही. तांब्याची साधी कॅट-५ई तिच्यापेक्षा शंभर पटीने बरी.

टोक बसवणं हे हाताचं काम आहे. क्रम ठरलेला : नारिंगी पांढरा, नारिंगी, हिरवा पांढरा, निळा, निळा पांढरा, हिरवा, तपकिरी पांढरा, तपकिरी. मधल्या निळ्या जोडीने हिरव्या जोडीला दुभंगलेलं आहे, तिथेच नवशिका चुकतो. जोड्या एकापुढे एक ओळीने लावल्या तर आठ दिव्यांचा स्वस्त टेस्टर सगळं ठीक सांगतो, कारण या टोकाची तार त्या टोकाला बरोबर पोचलेली असते. पण पीळ चुकीच्या तारांचे पडलेले असतात आणि गिगाबिटवर पॅकेटं गळायला लागतात. पीळही अर्ध्या इंचापेक्षा जास्त उकलायचे नाहीत. कंत्राटदाराकडून टेस्टरचा हिरवा दिवा न घेता प्रत्येक तारेचा सर्टिफिकेशनचा छापील अहवाल घ्या, आणि तो हातात पडल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नका.

जाळ्याची रचना शक्यतो ताऱ्यासारखी : मध्ये एक स्विच, प्रत्येक यंत्राला त्याच्यापासून स्वतंत्र तार. यंत्रामागे यंत्र अशी साखळी केबल वाचवते खरी, पण मधल्या अॅम्प्लिफायरची वीज गेली की त्यापुढचे सगळे मुके होतात. डान्टेच्या बऱ्याच यंत्रांना प्रायमरी आणि सेकंडरी असे दोन पोर्ट असतात. दोन पूर्ण वेगळी जाळी उभारली, तर एक तुटलं तरी आवाजात खंड पडत नाही. अट एकच, ही दोन जाळी कुठेही एकमेकांना शिवायची नाहीत. आणि दोन्ही तारा एकाच पाइपातून नेऊन ‘आमच्याकडे बॅकअप आहे’ म्हणण्यात अर्थ नाही. नाट्यगृहातला उंदीर प्रायमरी-सेकंडरी बघून कुरतडत नाही. एक डाव्या भिंतीने, दुसरी उजव्या भिंतीने.

स्विच स्वतंत्र ठेवा. एका नाट्यगृहात प्रयोगाआधी कुणाला तरी रॅकमध्ये केबलचं लोंबकळणारं टोक दिसलं. ते नीटनेटकं दिसावं म्हणून त्याने शेजारच्या रिकाम्या पोर्टात खोचलं. केबलची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये! पॅकेटं गोल गोल फिरत राहिली आणि सगळा आवाज गेला. स्विच स्वस्तातला होता, असं वेटोळं ओळखून पोर्ट बंद करण्याची सोय त्यात नव्हती. तिसरी घंटा बरीच लांबली. सीसीटीव्ही, कार्यालयाचं वायफाय आणि दिव्यांचं आर्टनेट हे सगळं व्हीलॅन करून, म्हणजे स्विचचे आतून वेगवेगळे कप्पे पाडून, एकाच स्विचवर बसवता येतं, सल्लागार तसं सुचवतातही. जिथे नेटवर्क जाणणारा माणूस कायम नोकरीला नाही तिथे मी ते करणार नाही. आवाजाचा स्विच वेगळा, त्याच्या केबल एका रंगाच्या, दिव्यांच्या दुसऱ्या. रॅकपुढे उभ्या राहिलेल्या अनोळखी माणसालाही फरक दिसला पाहिजे. आणि डान्टेचा आवाज वायफायवरून नेता येत नाही. आयपॅडवरून कन्सोल चालवायला वायफाय ठीक, तेवढंच.

शेवटी पाहुण्यांची सोय. सकाळी ट्रक येतो, सेट लागतो, दुपारी प्रयोग. पार्श्वसंगीत वाजवणारा कधी विंगेत बसतो, कधी कन्सोलशेजारी, आणि सगळं त्याच्या लॅपटॉपमध्ये असतं. दोन्ही विंगा, पिट, कन्सोल आणि बाल्कनीचा कठडा इथे प्रत्येकी दोन-दोन पोर्टांच्या प्लेट द्या. पोर्ट इथरकॉनचे घ्या, धातूच्या कवचाचे. साध्या आरजे-४५ ची प्लास्टिकची चिमुकली पट्टी दौऱ्याच्या धबडग्यात आधी मोडते. लॅपटॉप डान्टेच्या सॉफ्टवेअरवर चालणार असेल तर त्याला कमीत कमी ४ मिलिसेकंदांची मुदत लागते, आणि त्या सॉफ्टवेअरला जाळ्याचं घड्याळ होता येत नाही. म्हणजे कन्सोल किंवा स्टेज बॉक्स चालू झाल्याशिवाय पाहुण्याला आपला लॅपटॉप तपासताही येणार नाही. सकाळी रॅक कोण सुरू करणार, हे त्याच्या फोनची वाट न पाहता ठरवून ठेवा.

(पुढच्या आठवड्यात : स्विचमधली सेटिंगं, आणि वीज वाचवणारं ‘ग्रीन इथरनेट’ बंद का ठेवायचं.)