सुईच्या टोकाला नेढं

अंगातल्या शर्टाचा खालचा काठ उलटून बघा. बाहेरच्या बाजूला टिपेची एक रांग दिसते आणि आतल्या बाजूलाही तशीच एक रांग दिसते. हे दोन वेगळे दोरे आहेत. वरचा रिळावरून आला, खालचा बॉबिनमधून. दर टाक्याला ते एकमेकांत अडकलेले आहेत आणि ती अडकण कापडाच्या जाडीत दडून बसली आहे. आता जरा विचार करा. दोन दोऱ्यांनी एकमेकांना वेढा घालायचा तर त्यातल्या एकाचं मोकळं टोक दुसऱ्याच्या पलीकडून फिरून यायला हवं. हाताने शिवताना ते येतंच, कारण अख्खी सुई कापडातून आरपार जाते आणि तिच्यामागून सगळा दोरा जातो. मशीनची सुई मात्र दांड्याला घट्ट आवळलेली. ती कापडात शिरते आणि आल्या वाटेनेच वर जाते. वरच्या दोऱ्याचं एक टोक शिवून झालेल्या कापडात अडकलेलं, दुसरं रिळावर. खालच्या दोऱ्याचंही तेच. मोकळं टोक कुणालाच नाही. मग वेढा पडतो कसा?

ज्या घरांत दुपारभर मशीनची घरघर चालायची, त्या घरांतल्या कितीतरी माणसांनी हा प्रश्न कधी विचारलेला नसतो, कारण सगळा खेळ पत्र्याच्या पट्टीखाली चालतो. माझं मत विचाराल तर घरात येणाऱ्या यंत्रांपैकी सर्वांत बुद्धिमान यंत्र हेच. हे मी खिशातला फोन जमेस धरून म्हणतो. फोनच्या आत काय चाललंय ते डोळ्यांनी दिसत नाही, दिसलं तरी कळत नाही. इथे सगळं लोखंडाचं आहे, डोळ्यांसमोर फिरतं, आणि तरीही पहिल्यांदा बघताना विश्वास बसत नाही.

या यंत्राला जन्मायला बराच वेळ लागला, आणि त्याचं कारणही बघण्यासारखं आहे. सुरुवातीला माणसं हाताची नक्कल करायला बघत होती. १७५५ साली लंडनमध्ये चार्ल्स वायझेंथाल याने दोन्ही टोकं अणकुचीदार असलेल्या सुईचं पेटंट घेतलं. हेतू हा, की सुई उलटी न फिरवता इकडून तिकडे आणि तिकडून इकडे काढता यावी. म्हणजे कल्पनेत दोन हात होतेच, एक कापडाच्या वर आणि एक खाली. १७९० साली थॉमस सेंट याने चामडं शिवण्याच्या यंत्राचा आराखडा मांडला. त्यात एकाच दोऱ्याची साखळीसारखी शिवण होती. फ्रान्समधला शिंपी बार्थेलेमी तिमोनिए याने १८३० साली आपल्या शिवणयंत्राचं पेटंट मिळवलं आणि पॅरिसमध्ये सैन्याचे गणवेश शिवायला अशी यंत्रं बसवली. पोटावर पाय येईल या भीतीने चिडलेल्या शिंप्यांच्या जमावाने १८३१ साली ती मोडून टाकली. तिमोनिए पुढे गरिबीतच वारला.

सगळं बदललं ते दोन उलट्या विचारांनी. पहिला: नेढं सुईच्या मागच्या टोकाला कशाला, पुढच्या टोकाला करू. दुसरा: एका दोऱ्यावर भागत नसेल तर दुसरा दोरा आणू. न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटने १८३३-३४ च्या सुमारास हे दोन्ही एकत्र आणले. सेफ्टी पिनचा शोध लावणारा हंट तो हाच. पण त्याने या यंत्राचं पेटंट घेतलं नाही. यंत्रामुळे हाताने शिवणकाम करणाऱ्या गरीब बायकांची कामं जातील, असं त्याच्या मुलीने म्हटल्यामुळे त्याने हात आखडला, असं सांगतात. १० सप्टेंबर १८४६ रोजी पेटंट मिळालं ते इलायस होव याला. नंतर कोर्टकज्जे झाले, तेव्हा होवच्या आधी हंटने हे केलं होतं हे पुढे आलं. तरीही हक्क होवकडेच राहिला आणि पुढे विकल्या जाणाऱ्या मशीनमागे त्याला पैसे मिळत गेले.

आता खालच्या पट्टीकडे वळू, कारण खरी नवलाई तिथे आहे.

मशीनची एक सुटी सुई घ्या आणि नखाने चाचपा. एका बाजूला वरपासून नेढ्यापर्यंत लांब उभी खाच लागेल. दुसऱ्या बाजूला, नेढ्याच्या जरा वर, सुई किंचित तासून खोलगट केलेली असते. सुई खाली जाते तेव्हा खाचेच्या बाजूचा दोरा खाचेत सुखाने बसतो, त्याला कापडाचा त्रास नाही. खोलगट बाजूचा दोरा मात्र सुई आणि कापड यांच्यामध्ये दाबला जातो. सुई अगदी तळाला पोचून वर निघाली, की हा दाबलेला दोरा तिच्याबरोबर वर जाऊ शकत नाही. तो जागीच फुगतो. सुई दोन-अडीच मिलिमीटर वर येईतो तिच्या अंगाला दोऱ्याचा छोटासा फास तयार होतो. नेमका तेव्हाच, बॉबिनला पोटात धरणाऱ्या शटलचा अणकुचीदार आकडा त्या खोलगट जागेवरून, सुई आणि दोरा यांच्यामधून, निघून जातो. आकडा आणि सुई यांच्यातली फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी, कित्येकदा त्याहूनही कमी. सुई उलटी बसवली तर मशीन एकही टाका घालत नाही, हे शिवण शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. कारण हेच: आकड्यासमोर फास फुगतच नाही.

पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. मोकळं टोक मिळत नाही ना, मग अख्खं बॉबिनच फासातून पार करायचं! आकडा तो फास ओढून मोठा करत नेतो आणि अंबाड्यावरून गजरा सरकवावा तसा शटलवरून सरकवतो. फासाची एक बाजू बॉबिनच्या पुढून जाते, दुसरी मागून. पलीकडे गेल्यावर फास सुटतो, आणि खालचा दोरा वरच्या दोऱ्याच्या वेढ्यात आलेला असतो. मागून जाणारी बाजू अडकत कशी नाही? घरोघरच्या काळ्या मशीनमध्ये शटल आणि त्याच्या पोटातलं बॉबिन हे मशीनला कुठेही जोडलेलं नसतं. गोल खोबणीत ते नुसतं बसलेलं असतं आणि मागेपुढे झुलतं. त्याला ढकलणारा तुकडासुद्धा त्याला चिकटलेला नसतो, दोघांत दोरा निसटण्याएवढी फट असते. एका अधांतरी तुकड्याभोवती दर टाक्याला एक फेरी, आणि तीही दोरा न तुटता.

फास सुटला की वरचा टेक-अप लिव्हर झटक्याने वर जातो आणि सगळा ढिला दोरा परत ओढून घेतो. एका वेढ्यासाठी काही इंच दोरा खाली जातो, पण टाक्यात राहतो तो जेमतेम अर्धा सेंटिमीटर. बाकीचा वर येतो आणि पुढच्या टाक्याला पुन्हा खाली जातो. म्हणजे तुमच्या बाहीच्या टिपेतला प्रत्येक बिंदू तिथे विसावण्याआधी वीसहून जास्त वेळा नेढ्यातून घासत आलेला आहे. म्हणून मशीनच्या दोऱ्याला पीळही ठरावीक दिशेचाच लागतो. उलट्या पिळाचा दोरा या घासण्यात उकलत जातो. कारखान्यातलं मशीन मिनिटाला पाच हजार टाके घालू शकतं, म्हणजे सेकंदाला ऐंशीहून जास्त. त्या वेगात सुई इतकी तापते की पॉलिस्टरचा दोरा वितळू शकतो. म्हणून दोऱ्याला आधीच वंगण चढवलेलं असतं.

कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांचीही दखल घ्यायला हवी. ॲलन विल्सन नावाच्या माणसाने १८५४ साली ही युक्ती पेटंट केली. दाते वर येतात, कापडाला पकडून मागे नेतात, खाली बुडतात आणि खालूनच पुढे परततात. सुई कापडात असेपर्यंत ते हलत नाहीत, सुई बाहेर पडली की एक पाऊल टाकतात. आजही बहुतेक मशीन हेच करतात.

आयझॅक सिंगरचं पेटंट १८५१ चं. तो नट होता आणि कारागीरही. उभी सुई, खाली सपाट पाट, कापड दाबून धरणारा फूट आणि पायाने चालवायची सोय, असं सगळं एकत्र जुळवून त्याने यंत्र कामाला लावलं. त्याचा भागीदार एडवर्ड क्लार्क याने १८५६ साली हप्त्याने विक्री सुरू केली आणि मशीन सामान्य घरांत शिरलं. त्या काळात अमेरिकेतल्या व्हीलर अँड विल्सन कंपनीने मोजणी करून सांगितलं, की पुरुषाचा एक शर्ट हाताने शिवायला १४ तास २६ मिनिटं लागतात आणि मशीनवर १ तास १६ मिनिटं. आकडे मशीन विकणाऱ्यांचेच आहेत, तरी फरक डोळे दिपवणारा आहे. वाचलेल्या वेळाचं काय झालं? बराचसा झालरी आणि चुण्या लावण्यात गेला, कारण कपडे जास्त झाले आणि जास्त नटवे झाले. काम सोपं करणारं साधन आलं की काम कमी होतंच असं नाही. रोज एक नवं ॲप डोक्यावर घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

यंत्रांबद्दल साशंक असलेल्या गांधीजींनी १९२४ साली दिल्लीत झालेल्या एका संभाषणात सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद ठरवलं होतं. जे मोजके शोध खरोखर उपयोगी आहेत, त्यांत त्यांनी ते बसवलं. ही यंत्रं बनवायला मोठे कारखाने लागतील हेही त्यांनी मान्य केलं, मात्र ते कारखाने राष्ट्राच्या मालकीचे असावेत असं म्हटलं. पुढच्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने ‘उषा’ मशीन देशात बनवायला घेतलं. आपल्याकडच्या गोधड्या, वाकळा मात्र हाताच्या धावदोऱ्यानेच शिवल्या जात राहिल्या, आणि ते योग्यच झालं. धावदोऱ्यात एकच दोरा असतो, तो सैल पडतो, म्हणून गोधडी अंगावर मऊ बसते. मशीनची घट्ट टीप तिला ताठ करते.

हे कळलं की कपडा वाचता येतो. दोन्ही दोऱ्यांचा ताण सारखा असला तर अडकण कापडाच्या मधोमध बसते आणि टीप दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. खालचा दोरा वर ठिपक्या-ठिपक्यांनी डोकावत असेल तर वरचा ताण जास्त आहे आणि टीप लवकर तुटेल. इंचाला दहा-बारा टाके म्हणजे कामचलाऊ, चांगल्या शर्टाला अठरा-वीस असतात. जास्त टाके म्हणजे मशीनवर जास्त वेळ आणि जास्त मजुरी, म्हणून स्वस्त कपड्यात पहिली कात्री इथे लागते. शिवणीच्या आत किती माया सोडली आहे तेही बघा, कारण पुढे कपडा सैल करायचा झाला तर तीच उपयोगी पडते. शर्टाच्या कुशीला कापडाच्या कडा एकमेकींत दुमडून दोन टिपा मारलेल्या असल्या तर धागे सुटायला कुठे कडच उरत नाही. अशा शिवणीवर पैसे खर्च करावेत.

दोन दोऱ्यांची ही टीप सगळीकडे चालते असंही नाही. टी-शर्टच्या ताणल्या जाणाऱ्या कापडात ती तुटते, म्हणून तिथे आत जाळीदार आणि बाहेर दोन समांतर रेषांची शिवण असते. तांदळाच्या पोत्याचं तोंड साखळीच्या शिवणीने बंद करतात. योग्य टोक सापडलं की एका ओढीत सगळी उसवते, आणि पोत्याला हवं असतं ते हेच. साखळीत पुढचा फास मागच्याला धरतो, म्हणून एक सुटला की सगळे सुटतात. दोन दोऱ्यांच्या टिपेत एक टाका तुटला तरी शेजारचे सहसा जागेवर राहतात.

एवढ्या हुशार यंत्राला एक गोष्ट अजून जमलेली नाही. कापड लुळं असतं, दर वेळी वेगळं पडतं, वळतं, सरकतं. रोबो मोटारीचे पत्रे जोडतो, पण बाही काखेत बसवताना तिथली गोलाई सुईखाली नेमकी फिरवायला आजही माणसाचे हात लागतात. सोलापूरच्या गणवेशाच्या कारखान्यात असोत, बांगलादेशात असोत किंवा तुमच्या गल्लीतल्या टेलरकडे असोत, तुमच्या अंगावरच्या जवळजवळ प्रत्येक शिवणीवर कुणाची तरी बोटं फिरलेली आहेत. चांगल्या शिवणीचे चार पैसे जास्त मागितले तर घासाघीस करू नका.

आणि घरात जुनं मशीन असेल तर एकदा वर लाल दोरा ओवा आणि बॉबिनमध्ये पांढरा भरा. बॉबिनवरची पट्टी सरकवा, चाक हाताने, हळू, आपल्याकडे फिरवा आणि खाली बघत राहा. मुलांना जवळ बोलवा. लाल फास बॉबिनवरून कसा जातो ते बघायला दोन टाके पुरतात.